जुन्या पॅकिंग मशीनला व्हीएफडी बसवताना: पहिल्या मोजणीपासून शेवटच्या पाऊचपर्यंत

नाशिकच्या सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर या पट्ट्यात चिवडा, मसाले, बेदाणे, पीठ, धुण्याची पावडर भरणारी वीस-वीस वर्षं जुनी पाऊच मशीन आजही दोन शिफ्ट चालतात. सांगाडा दणकट असतो, मशीनचे भाग ठरावीक लयीत हलवणारे कॅम शाबूत असतात, सुटा भाग गेला तर जवळच्या वर्कशॉपमध्ये करून मिळतो. अडतं ते वेगापाशी. स्टेप पुलीवरचा बेल्ट हलवायचा तर मशीन थांबवावं लागतं. व्हेरिएटर पुली असेल तर तिचा बेल्ट आणि स्प्रिंग अधूनमधून मान टाकतात. आणि थेट स्टार्टरवर मोटर सुरू होताना बसणारा झटका गिअरबॉक्सपासून फिल्मपर्यंत सगळ्यांना सोसावा लागतो. सिंहस्थाच्या काळात छोट्या पाकिटांची मागणी वाढणार हे वेगळं सांगायला नको, त्यामुळे नवीन मशीन घ्यायचं की जुन्यालाच व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी (हर्ट्झ) बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह, बसवायचा, हा प्रश्न सध्या बऱ्याच जणांपुढे आहे.

सांगाडा चांगला असेल तर माझं मत सरळ आहे: ड्राइव्ह बसवा. पण एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. व्हीएफडी फक्त मोटरचा वेग बदलतो. सील किती वेळ दाबलं जातं, कप किती भरतो, कट कुठे पडतो, हे सगळं त्याच वेगाला बांधलेलं असतं. त्यामुळे पॅनेलवाल्याने ड्राइव्ह चालू करून दिला की काम निम्मंच झालेलं असतं. उरलेलं निम्मं फिटर आणि ऑपरेटरचं, आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जातं.

वीजबिलाचंही आधीच बोलून घेऊ. ‘ड्राइव्ह लावा, बिल निम्मं होईल’ असं सांगणारे भेटतात. हे पंखे आणि सेंट्रिफ्यूगल पंपांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे, कारण तिथे लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज साधारण ५१ टक्क्यांवर येते. पॅकिंग मशीनचं तसं नाही. कॅम फिरवायला लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वेग कमी केला तरी जवळपास तेवढाच राहतो, आणि मुख्य मोटरही बहुधा एक-दोन एचपीचीच असते. इथली कमाई फुकट जाणारी फिल्म, पुन्हा भरावा लागणारा माल आणि थांबलेल्या मशीनचे तास यांतून होते. विजेची बचत हवी असेल तर त्याच शेडमधल्या धूळ ओढणाऱ्या ब्लोअरकडे आधी बघा.

पहिली पायरी: आज मशीन काय करतंय ते लिहून ठेवा

ड्राइव्ह विकत घेण्याआधी निदान एक आठवडा नोंदी घ्या. मिनिटाला किती पाऊच पडतात, शिफ्टमध्ये किती नापास होतात, त्यातले गळके किती, कमी वजनाचे किती, कट सरकलेले किती. नापास पाऊच मोजत बसायला वेळ नसेल तर शिफ्टच्या शेवटी वाया गेलेली फिल्म गोळा करून काट्यावर ठेवा; तो आकडा मालकालाही लगेच पटतो. मोटरचा करंट क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजवर मोजा: मशीन रिकामं असताना, माल भरताना, आणि सकाळी थंड गिअरबॉक्सने पहिल्यांदा सुरू होताना. सकाळचा आकडा ड्राइव्ह निवडताना लागणार आहे.

दुसरी पायरी: यंत्राची दुखणी आधी काढा

बेल्ट काढा आणि मुख्य शाफ्ट हाताने फिरवून बघा. एका पूर्ण फेऱ्यात कुठे अडकतो, कुठे ढिला पडतो, ते हाताला कळतं. कॅम फॉलोअरचं बेअरिंग झिजलं असेल, सील दाबणाऱ्या जॉच्या गाईड रॉडला खेळ असेल, वर्म गिअरबॉक्समधलं तेल वर्षानुवर्षं बदललं नसेल, तर ड्राइव्ह ते लपवणार नाही. उलट वेग वाढला की तोच खेळ आपटायला लागेल. मसाल्याच्या मशीनवर हळद-मिरचीची पूड ग्रीसमध्ये मिसळून तिची लापशी होते, बेदाण्याच्या मशीनवर साखरेचा चिकटा बसतो. सगळं खरवडून, धुऊन, नवीन ग्रीस भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

याच वेळी पुलीचा हिशोब करा. इथे घाई केली तर पुढे मोटर जळते. ज्या वेगावर मशीन दिवसातला बहुतेक वेळ चालणार आहे, तो वेग ३५ ते ५० हर्ट्झच्या दरम्यान यायला हवा. उदाहरण घ्या. मोटर १४४० आरपीएम, गिअरबॉक्स १:२०, पुलीचं प्रमाण १:१.२ आणि शाफ्टच्या एका फेऱ्याला एक पाऊच. १४४० भागिले १.२, भागिले २०, म्हणजे ५० हर्ट्झला मिनिटाला ६० पाऊच. मग एका हर्ट्झला १.२ पाऊच पडले: ४० हर्ट्झला ४८ आणि २५ हर्ट्झला ३०. तुमचं रोजचं काम ४५ पाऊचचं असेल तर ही पुली उत्तम. पण रोजचं काम २० पाऊचचं असेल तर मोटर दिवसभर १७ हर्ट्झच्या आसपास रखडत राहील, तिचा स्वतःचा पंखाही तेवढाच हळू फिरेल आणि बॉडी तापेल. अशा वेळी पुली बदला. पुलीचा खर्च नवीन मोटरच्या मानाने किरकोळ आहे. व्हेरिएटर पुली पूर्ण काढून साधी व्ही-बेल्ट पुली लावणं सगळ्यात बरं.

तिसरी पायरी: मोटर ड्राइव्ह सोसेल का?

नेमप्लेट पुसून नीट वाचा: व्होल्टेज, अँपिअर, आरपीएम, इन्सुलेशन क्लास, आणि जोडणी स्टार आहे की डेल्टा. नेमप्लेट गायब असेल किंवा मोटर दोन-तीनदा रिवाइंड झालेली असेल, तर करंट मोजून आणि आरपीएम टॅकोमीटरने बघून अंदाज बांधावा लागतो.

मग मेगर. ५०० व्होल्टचा मेगर लावून वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन बघा. एक मेगाओहम ही अगदी तळाची मर्यादा समजा. धडधाकट मोटर याच्या कितीतरी पट वर दाखवते. पावसाळ्यात ओल धरलेली मोटर आधी वाळवून मग मोजा. एक ताकीद: मोटर ड्राइव्हला जोडलेली असताना मेगर कधीही लावायचा नाही. केबल सोडवायची, मगच मोजायचं. नाहीतर ड्राइव्हचे आयजीबीटी, म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक स्विच, उडतात.

एवढी काळजी का, तर ड्राइव्ह मोटरला गुळगुळीत साइन वेव्ह देत नाही, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून व्होल्टेजचे ठोके देतो. ४१५ व्होल्टचा पुरवठा असला की ड्राइव्हच्या आत सुमारे ५८७ व्होल्ट डीसी तयार होतं, आणि केबल लांब असेल तर मोटरच्या टोकाशी त्या ठोक्याचं शिखर याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतं. जुन्या, ठिसूळ वार्निशला ते झेपत नाही. पॅनेल मशीनलाच लागून असेल तर सहसा अडचण येत नाही. पॅनेल दूर असेल तर मॅन्युअलमध्ये केबलची कमाल लांबी बघा, आणि ती ओलांडत असेल तर ड्राइव्हच्या आउटपुटला चोक लावा. मोटर रिवाइंडिंगला जाणारच असेल, तर ‘ड्राइव्हवर चालवायची आहे’ हे रिवाइंडरला आधी सांगा; तो त्यासाठी योग्य तार आणि इन्सुलेशन पेपर वापरेल. आणि नवीन मोटरच घ्यायची ठरली तर आयएस १२६१५ प्रमाणे आयई३ वर्गाची घ्या.

छोट्या युनिटमध्ये एक चूक सर्रास होते. सिंगल फेज इनपुटचा ड्राइव्ह आणतात. तो थ्री फेज मोटर चालवतो खरा, पण त्याचं आउटपुट २३०-२४० व्होल्टचं असतं. आपल्याकडच्या लहान मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. तशीच जोडली तर टॉर्क जेमतेम एक तृतीयांश मिळतो, मशीन लोडवर अडकतं आणि दोष ड्राइव्हवर येतो. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील आणि नेमप्लेट परवानगी देत असेल, तर पट्ट्या बदलून डेल्टा करा. तीनच टोकं बाहेर काढलेली असतील तर थ्री फेज ४१५ व्होल्टचा ड्राइव्हच घ्या.

चौथी पायरी: ड्राइव्हची निवड

एचपी बघून ड्राइव्ह घेऊ नका, अँपिअर बघून घ्या. नेमप्लेटवरच्या करंटपेक्षा ड्राइव्हचा हेवी ड्यूटी करंट जास्त हवा. या रेटिंगमध्ये साधारण १५० टक्के भार एक मिनिट सोसण्याची सोय असते. सकाळी थंड वर्म गिअरबॉक्स हलवताना नेमकी तीच कामी येते. पंख्या-पंपांसाठीचे स्वस्त नॉर्मल ड्यूटी मॉडेल इथे घेऊ नका. सेन्सरलेस व्हेक्टर मोड असलेला घ्या, म्हणजे कमी वेगालाही टॉर्क टिकतो.

डेल्टा, सीमेन्स, एबीबी, श्नायडर, यास्कावा, डॅनफॉस, कुठलाही चालेल. माझी कसोटी वेगळी आहे: रात्री अकराला बंद पडला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेच मॉडेल नाशिकमध्ये हातात मिळेल का? मिळत नसेल तर तो ड्राइव्ह कितीही चांगला असला तरी तुमच्यासाठी महागच.

पाचवी पायरी: पॅनेल आणि वायरिंग

हे काम लायसन्सधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि मेन बंद करून कुलूप लावल्याशिवाय कोणी हात घालू नये. ड्राइव्हमधले कपॅसिटर वीज गेल्यावरही भरलेले राहतात. मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ, सहसा पाच ते दहा मिनिटं, थांबा आणि डीसी टर्मिनलवर मीटर लावून खात्री करा.

जुन्या मशीनच्या पॅनेलमध्ये एक सापळा असतो. मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरनंतरच्या लाइनवरूनच कोणीतरी कधीतरी सीलिंग हीटर, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर किंवा क्लच-ब्रेकचा रेक्टिफायर जोडलेला असतो. तेव्हा चालून गेलं. आता त्याच लाइनवर ड्राइव्हचं आउटपुट येणार, म्हणजे वेगाबरोबर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीही खालीवर होणार. हीटर नीट तापणार नाही, ट्रान्सफॉर्मर जळेल. म्हणून मोटर सोडून बाकी प्रत्येक गोष्ट मागे सरकवून थेट पुरवठ्यावर घ्या. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर काढा. मोटरला लावलेला पॉवर फॅक्टरचा कपॅसिटरही काढा. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर लावणं म्हणजे ड्राइव्ह मारणं.

आर-एस-टी म्हणजे इनपुट, यू-व्ही-डब्ल्यू म्हणजे मोटर. उलटं जोडलं की पहिल्याच स्विचला खेळ खलास. मोटरची केबल शील्डेड किंवा आर्मर्ड घ्या आणि शील्डचं अर्थिंग दोन्ही टोकांना करा. ड्राइव्ह, मोटरची बॉडी आणि मशीनचा सांगाडा हे सगळं एकाच अर्थ बारवर वेगवेगळ्या तारांनी आणा, एकातून दुसऱ्याला माळ लावू नका.

तापमान मोजणारं थर्मोकपल आणि फिल्मवरची खूण पाहणारा फोटोसेल यांच्या तारा मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रंकिंगमधून नेल्या तर ड्राइव्ह चालू होताच टेंपरेचर कंट्रोलरचे आकडे नाचायला लागतात. १५० वरचं तापमान क्षणात १७० दाखवतं, कंट्रोलर हीटर बंद करतो आणि सील कच्चं पडतं. ऑपरेटर हीटर बदलतो, थर्मोकपल बदलतो, तरी काही फरक पडत नाही. उपाय साधा आहे: सिग्नलच्या तारा निदान २० सेंटिमीटर लांबून न्या, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा, शील्डेड वापरा. तरीही नाचत असतील तर ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे त्या उघडझापीचा वेग, थोडी कमी करा. मोटरचा शिट्टीसारखा आवाज जरा वाढेल, पण आकडे स्थिर होतील.

इमर्जन्सी स्टॉप ड्राइव्हच्या साध्या स्टॉप इनपुटवर टाकून मोकळे होऊ नका. एक तर ड्राइव्हला एसटीओची (सेफ टॉर्क ऑफ, म्हणजे मोटरचा जोर खात्रीने तोडण्याची) सोय असेल ती वापरा, नाहीतर इनपुटच्या बाजूचा कॉन्टॅक्टर तुटेल अशी जोडणी करा. जॉच्या गार्डचा लिमिट स्विचही त्याच साखळीत हवा. जॉमध्ये बोट गेलं तर ते परत येत नाही.

उष्णतेचंही बघा. दीड किलोवॉटचा ड्राइव्ह साधारण ५० ते ७५ वॉट उष्णता टाकतो. बरेच ड्राइव्ह ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेने चालतात, आणि नाशिकचा एप्रिल-मे पत्र्याच्या शेडमध्ये हा आकडा सहज ओलांडतो. ड्राइव्हच्या वर-खाली निदान दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, पॅनेलला फिल्टर लावलेला पंखा बसवा आणि दर आठवड्याला फिल्टर झटका. पिठाच्या किंवा मसाल्याच्या शेडमध्ये पॅनेल भरणीच्या जागेपासून दूर हलवता आलं तर उत्तम.

सहावी पायरी: पॅरामीटर

मॅन्युअलमध्ये शेकडो पॅरामीटर असतील, पण आपल्याला लागतात मोजकेच. नेमप्लेटवरचे व्होल्टेज, करंट, आरपीएम आणि बेस फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आधी भरा, मग ऑटो-ट्यूनिंग करून घ्या, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच मोटर मोजून जुळवून घेतो. कमाल ५० हर्ट्झ ठेवा. त्याच्या वर गेलं की व्होल्टेज वाढत नाही, टॉर्क घटतो, आणि जुना गिअरबॉक्स ज्या वेगासाठी बनलाच नव्हता त्या वेगाने फिरतो. किमान १५-२० हर्ट्झ ठेवा, म्हणजे नॉब चुकून शून्याकडे गेला तरी मोटर रखडत तापणार नाही.

वेग वाढायला तीन ते पाच सेकंद द्या. थांबायला फार कमी वेळ दिला तर फिरणारं वजन मोटरला जनरेटर बनवतं, डीसी व्होल्टेज ८०० च्या आसपास चढतं आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो. वेळ वाढवा, लवकर थांबणं गरजेचंच असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर लावा.

दोन सेटिंग विसरू नका. उलट दिशा बंद करा, कारण अनेक मशीनच्या फिल्म ओढणाऱ्या रोलरमध्ये एकाच दिशेचा क्लच असतो आणि उलटं फिरलं की तो तुटतो. आणि वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बंदच ठेवा. पावसाळ्यात वीज जाते-येते; ऑपरेटर अडकलेली फिल्म काढत असताना मशीन स्वतःहून सुरू होणं किती घातक आहे, हे सांगण्याची गरज नाही.

सातवी पायरी: वेगाप्रमाणे सील, वजन आणि कट बसवा

पहिली चाचणी बेल्ट काढून करा, मोटरची दिशा बघा. मग बेल्ट चढवून रिकामं मशीन अर्धा तास चालवा, मग फक्त फिल्म, शेवटी माल.

आता खरं काम. कॅमवर चालणाऱ्या मशीनमध्ये जॉ बंद राहण्याचा वेळ वेगाच्या उलट प्रमाणात बदलतो. मिनिटाला ४० पाऊच म्हणजे एका फेऱ्याला दीड सेकंद. त्यातला एक तृतीयांश वेळ जॉ दाबलेले असतील तर सीलला अर्धा सेकंद मिळतो. वेग ६० केला की फेरा एका सेकंदाचा आणि सीलला ०.३३ सेकंद. तापमान तेच ठेवलं तर सील वरून छान दिसतं, पण आत पूर्ण चिकटलेलं नसतं. चिवड्याची पाकिटं आठवड्याभराने मऊ पडल्याची तक्रार येते ती इथूनच. म्हणून प्रत्येक वेगाला तापमान वेगळं शोधावं लागतं: पाच पाऊचच्या टप्प्याने वेग वाढवा, दर टप्प्यावर तापमान थोडं थोडं वाढवत जा, आणि प्रत्येक वेळी दहा-वीस पाऊच पाण्यात बुडवून दाबून बघा. बुडबुडा दिसला तर अजून वाढवा. फिल्म सुरकुतायला किंवा जॉला चिकटायला लागली की त्या फिल्मची मर्यादा आली, आता वेगच कमी करायचा. ड्राइव्ह ६० पाऊच देऊ शकतो, म्हणून फिल्मही ६० देईलच असं नाही.

कटचंही तसंच. फोटोसेलने खूण पाहिल्यापासून ब्रेक लागेपर्यंतचा वेळ ठरलेला असतो. तो २० मिलिसेकंद धरला तर फिल्म सेकंदाला ३०० मिलिमीटर धावताना ६ मिलिमीटर पुढे जाते, ४५० ला ९ मिलिमीटर. वेग बदलला की कट सरकतो, आणि फोटोसेलची जागा पुन्हा लावावी लागते.

वजनात कप फिलर (कपाने मापून भरणारा) आणि ऑगर (स्क्रूने माल ढकलणारा) यांची वागणूक वेगळी असते. कप जलद फिरला की भरायला वेळ कमी मिळतो आणि वजन घटतं. ऑगर ठरावीक वेळ फिरणारा असेल आणि त्याला मुख्य मोटरचाच वेग मिळत असेल, तर वजन वेगाबरोबर सरकतं. २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे २०० ग्रॅमच्या पाकिटाला ९ ग्रॅमपर्यंतच तूट माफ आहे. प्रत्येक वेगाला सलग वीस-पंचवीस पाकिटं काट्यावर घ्या आणि सगळ्यात हलकं कोणतं ते बघा. सरासरी चांगली आली म्हणून समाधान मानू नका. बाहेर नेणाऱ्या कन्व्हेयरला वेगळी मोटर असेल तर तिलाही छोटा ड्राइव्ह लावून मुख्य ड्राइव्हच्या ०-१० व्होल्टच्या ॲनालॉग आउटपुटवरून वेग द्या, म्हणजे पाकिटांचा ढीग होणार नाही.

हे सगळं एका तक्त्यात मराठीत लिहा: हर्ट्झ, पाऊच, आडव्या आणि उभ्या सीलचं तापमान, फोटोसेलची जागा, वजन. प्रत्येक फिल्मचा तक्ता वेगळा. लॅमिनेट करून पॅनेलच्या दारावर लावा. ऑपरेटरने नॉब फिरवला की तापमानही त्या तक्त्याप्रमाणे बदलायचं, हे त्याच्या हाताला लागलं पाहिजे. ज्या शॉपमध्ये हे होत नाही तिथे महिन्याभरात नॉब एका जागी चिकटपट्टीने बांधून ठेवलेला दिसतो, आणि ड्राइव्हचा सगळा खर्च एका महागड्या स्टार्टरवर झालेला असतो.

पुढची देखभाल थोडकी आहे. दर तीन महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी टर्मिनल कसा, हीटसिंकमधली धूळ ब्लोअरने काढा, ड्राइव्हचा छोटा पंखा फिरतोय का बघा. हा पंखा काही वर्षांनी जातोच, तो सुटा मिळतो, आधीच आणून ठेवा. कीपॅडवर सगळे पॅरामीटर साठवता येत असतील तर साठवा, नसतील तर वहीत उतरवून वहीची एक प्रत ऑफिसमध्ये ठेवा. ट्रिप झाला की ऑपरेटरने रिसेट दाबण्याआधी स्क्रीनवरचा कोड आणि त्या वेळी चालू असलेला माल वहीत लिहायचा. एकच कोड आठवड्यात तिसऱ्यांदा आला तर रिसेट न करता मेंटेनन्सला बोलवायचं.